मदत हवी आहे: सिंगापूर, गार्डन्स बाय द बे, संध्याकाळ आणि सासूबाईंचे गुडघे

पुढच्या महिन्यात सिंगापूरला जातोय. हातात एकच संध्याकाळ आहे आणि सोबत सासूबाई. सपाटीवर हळूहळू चालतात, पण जिने आणि मांडी घालून बसणं पूर्ण बंद. व्हीलचेअरचं नाव काढलं की रुसतात, त्यामुळे तो सल्ला कृपया नको!

या बागेतल्या सुपरट्रीजचा (झाडांच्या आकाराचे उंच मनोरे) लाइट शो संध्याकाळी ७:४५ आणि ८:४५ ला असतो, तो फुकट आहे, हे माहीत आहे. क्लाउड फॉरेस्ट (तिथलंच काचेच्या छताखालचं जंगल) रात्री ९ ला बंद होतं, म्हणून तिथे साडेपाचला शिरायचं आणि ७:४५ चा शो गाठायचा असा बेत आहे. आत लिफ्टने वर जाऊन फिरत फिरत खाली उतरायचं असतं असं वाचलं. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण सगळे धबधब्यापुढे सेल्फी काढण्यात दंग; उतरताना पायऱ्या लागतात का, हे कुणी दाखवत नाही. शोच्या वेळीही बहुतेक लोक जमिनीवर आडवे झालेले दिसतात. आमच्या बाईंना तसं बसवलं तर उठवायला क्रेन लागेल.

सुपरट्रीजमधल्या उंच पुलावर (स्कायवे) जायचं नाही. जेवणाचंही विचारत नाही, दशम्या-चटणी बरोबर असेल. हॉटेल लिटल इंडियात आहे, बागेजवळच्या बेफ्रंट स्टेशनहून मेट्रो थेट मिळते.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी एवढंच सांगा: क्लाउड फॉरेस्टमध्ये एकही पायरी न उतरता पूर्ण खाली येता येतं का? आणि शो नीट दिसेल असा पाठीला टेकू असलेला बाक नेमका कुठे आहे, तो मिळवायला किती आधी जाऊन बसावं लागेल?