खिमा नको, बेडूक परत सोडा

ताई, मुलाने सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्याजवळून आणलेला मोठा बेडूक काही खात नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणी पोळीचा तुकडा सुचवलाय, कुणी खिमा. यातलं काही चालायचं नाही. बेडकाला जे हलतं तेच भक्ष्य वाटतं. समोर निपचित पडलेल्या खिम्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. रोज जिवंत नाकतोडे नि झुरळं पकडायची तयारी आहे का घरात?

त्याहून मोठी अडचण पाण्याची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. आपल्याकडे काही दिवसांआड नळ येतो, त्या पाण्यातलं क्लोरीन थेट त्याच्या अंगात जातं. काचेच्या पेटीत नाक घासून घासून सोललेलं असेल, तेही बघा. बाहेर सुटण्यासाठी धडका मारतात बिचारे.

तुमच्या वर्णनावरून हा पावसाळ्यात पिवळाधमक होणारा, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवणारा नर दिसतोय. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, म्हणजे घरी ठेवणं कायद्यातही बसत नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यातसुद्धा १९८७ मध्ये बंद झाली, तेव्हा शेतातली कीड कोण खातं हे सरकारलाही कळलं होतं!

हात ओले करून उचला, साबण लागलेला नको. संध्याकाळी, जिथून आणला तिथेच सोडा. शहरातला सिद्धेश्वर तलाव जवळ पडतो म्हणून तिथे नको, रोग पसरतात. मुलाला अंडी-डिंभकं (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) बघायची असतील तर पहिल्या पावसानंतर डबक्याकाठी न्या.