थायलंडच्या खर्चाचे पैसे कसे न्यावेत? बाथ, डॉलर की कार्ड – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबा आणि सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही दोघं थायलंडला जातोय. आधी बँकॉक, मग क्राबी. विमान आणि हॉटेलं इथूनच रुपयांत भरून झाली आहेत. प्रश्न आहे तो तिथल्या वरखर्चाचा: जेवणखाण, टॅक्सी, बोटी, देवळांची तिकिटं, थोडीफार खरेदी. अंदाजे दीड लाखाच्या आसपास जाईल.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात, सगळे बाथ पुण्यातूनच घेऊ, परमुलखात पैशांसाठी शोधाशोध नको. नवऱ्याला वाटतं, कार्ड असताना नोटांचं ओझं कशाला? नणंदेचा सल्ला आहे की डॉलर न्या आणि तिकडे बदला. चौघं ज्येष्ठ बरोबर असल्यामुळे ऐनवेळची धावपळ मला नकोच आहे. पण बाबांनी निवृत्तीनंतर बाजूला टाकलेल्या पैशांतून यातला बराच खर्च होणार आहे. त्यातले पाच-सात हजार नुसत्या चलनबदलात जावेत हे मनाला पटत नाही.

आतापर्यंत मी काढलेला हिशोब असा. आमच्या क्रेडिट कार्डावर परकीय खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. लाखामागे ४,१३० रुपये.

मग कॅम्पातल्या मनी चेंजरांकडे भाव विचारले. 'कमिशन नाही' असं सगळेच सांगतात, पण सगळी कमाई भावातच आहे. एकाच दुकानात, एकाच वेळी विचारलं तर डॉलरचा भाव गूगलवरच्या दराच्या बराच जवळ होता आणि बाथचा मात्र खूप वर. बाथच्या नोटांना इथे गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांचं मार्जिन जास्त, असं मला वाटतं. जीएसटीची भीती होती ती फोल ठरली: लाखाच्या व्यवहारावर तो फक्त १८० रुपये होतो.

फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, एक मेख सापडली. कार्डात डॉलर भरले आणि खर्च बाथमध्ये केला तर क्रॉस करन्सी शुल्क लागतं, तेही साडेतीन टक्क्यांपर्यंत. बाथच भरता येणारी कार्डं आहेत, पण भरताना बाथचा भाव कसा लावतात ते पाहावं लागेल.

तर रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे बाथ असं दोनदा बदलूनही स्वस्त पडतं का? आणि एटीएममधून काढणं कितपत शहाणपणाचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

थायलंडसाठी तुमच्या नणंदबाई बरोबर आहेत. बँकॉकमध्ये चलन बदलणाऱ्यांची स्पर्धा इतकी आहे की डॉलरमागे ते अगदी थोडं मार्जिन घेतात. सुपररिच नावाच्या पेढ्या शोधा. केशरी पाटीची वेगळी कंपनी, हिरव्या पाटीची वेगळी, दोन्हीकडे भाव चांगला. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताना जे बँकांचे काउंटर दिसतात तिथे बदलू नका. तळघरात, जिथून एअरपोर्ट रेल लिंकची गाडी सुटते, तिथल्या काउंटरांवर जा. एकाच इमारतीत दोन मजल्यांमध्ये भावात ठळक फरक असतो. पासपोर्ट दाखवावा लागतो.

शंभराच्याच नोटा घ्या, वीस आणि दहाच्या डॉलरना भाव कमी देतात. रुपयांच्या नोटा तिकडे बदलायच्या भानगडीत तर पडूच नका.

क्राबीला, म्हणजे आओ नांगच्या किनाऱ्यावर, काउंटर भरपूर आहेत पण भाव बँकॉकपेक्षा पडता. बोटवाले आणि राष्ट्रीय उद्यानाची फी यांना सहसा रोख लागते, तेव्हा तिथले पैसेही बँकॉकलाच बदला.

प्रतिसाद

एटीएमचं मी सांगतो. थाई बँका परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २२० बाथ घेतात, रक्कम कितीही असो. पाच हजार बाथ काढले तर ते ४.४ टक्के झाले, वीस हजार काढले तर १.१ टक्के. वर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. म्हणजे अडीअडचणीलाच, आणि काढायचेच तर एकदम मोठी रक्कम.

याहून महत्त्वाचं म्हणजे एटीएम असो की मॉलमधलं स्वाइप मशीन, पडद्यावर 'रुपयांत भरणार का?' असं विचारतं. रुपयांचा आकडा बघून आपल्या माणसांना हायसं वाटतं आणि तिथेच पैसे जातात, कारण तो दर समोरच्याने लावलेला असतो. कायम बाथच निवडा. एटीएमवर 'विदाउट कन्व्हर्जन' दाबलं तरी पैसे येतात, व्यवहार रद्द होत नाही. काही भारतीय बँका रुपयांतल्या अशा व्यवहारावर एक टक्का वेगळा आकारतात, म्हणजे दुहेरी मार. दुकानदार तुम्हाला न विचारता रुपये निवडत असेल तर तिथेच थांबवा आणि बिल पुन्हा करायला लावा.

हॉटेल, मॉल, मोठी रेस्टॉरंट यांसाठी मार्कअप नसलेलं एखादं कार्ड आत्ताच काढा. त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो आणि तो बाजारदराच्या अगदी जवळ असतो. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करायला विसरू नका, २०२० पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरापुरती चालू असतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आमचं विमान पहाटे उतरतं आणि तळघरातली काउंटरं तेव्हा उघडी असतीलच याची खात्री नाही. त्यामुळे टॅक्सी आणि पहिल्या नाश्त्यापुरते दोन-तीन हजार बाथ इथूनच घेते, भाव महाग असला तरी. बाकी रोखीसाठी डॉलर आणि मोठ्या बिलांना कार्ड. बाबांना हे पटेल, कारण नोटा हातात राहतील.

पुण्यात डॉलर घेताना काय सांभाळायचं? टीसीएस, म्हणजे परकीय चलन घेताना आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, लागेल का?

प्रतिसाद

टीसीएसची काळजी नको. एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. पन्नास हजार रुपयांच्या वर डॉलर घेताना मात्र रोख रुपये चालत नाहीत, बँकेतून किंवा चेकने द्यावे लागतात. पासपोर्ट, पॅन, व्हिसा लागत असेल तर तो आणि तिकिटाची प्रत न्या. पावती जपून ठेवा, उरलेले डॉलर परत विकताना उपयोगी पडते.

आणि दुकानातच प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. शिक्का मारलेली, शाई लागलेली, कोपरा फाटलेली किंवा जुन्या छपाईची नोट बँकॉकमध्ये नाकारतात नाहीतर कमी भावाने घेतात. काउंटरवरून हललात की इथला माणूस ती बदलून देत नाही.