एकच सायकल घ्यायची तर थंडीची की उन्हाळ्याची?

मी: एक विचारायचंय सगळ्यांना. जिन्याखाली एकच सायकल मावते. एक रोड बाईक आवडलीय, हलकी आहे, टायर २८ एमएम. पण इथे चार महिने बर्फ आणि तो वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. घेऊ का?

दादा: आधी बघ फ्रेममध्ये किती जाड टायर बसतो. खिळ्यांचे टायर (बर्फावर पकड यावी म्हणून धातूचे बारीक खिळे बसवलेले) बरेचसे ३५-४० चे असतात, त्यावर परत मडगार्डला जागा हवी नाहीतर बर्फाचा चिखल तिथेच गच्च बसतो

ताई: हलकीच घे गं. आठ महिने कुठली चालवणारेस? थंडीत मी तर सरळ बस पकडते

काका: बसचं कोण विचारतंय

दादा: मी हीच चूक केलेली, चांगली सायकल थंडीत काढली, म्हटलं रोज पुसू, कोण पुसतंय रोज, तीन आठवड्यांत चेन लालभडक आणि एक कडी इतकी आखडली की पेडल मारलं की कट् कट्, वर रात्री घरात आणायचो म्हणजे बर्फ वितळून मिठाचं पाणी आत आत जाणार आणि उबेत गंज अजून जोरात. एकदा तर सकाळी पाय नुसता गोल फिरतोय, चाक ढिम्म. मागच्या हबातलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं ग्रीस गोठून कुत्री चिकटलेली

आई: सायकलमध्ये कुत्री कुठून आली रे?

दादा: अगं आई फ्रीव्हीलच्या आतले खटके, मेकॅनिक त्यांना कुत्री म्हणतात

आई: बरं. पडला नाहीस ना?

दादा: त्या दिवशी नाही

काका: हब गिअरवाली बघ, गिअर सगळे बंद डब्यात, मीठ लागत नाही. जड असते आणि मागचं पंक्चर काढताना घाम फुटतो ती गोष्ट वेगळी. ब्रेक मात्र डिस्कच, रिमचे ओले झाले की उशिरा धरतात

मी: आणि बॅटरीवाली?

दादा: गारठ्यात रेंज कमी होते. बॅटरी काढून घरात न्यायची, आणि गार असताना लगेच चार्जिंगला लावायची नाही, शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते

मी: त्या रोड बाईकचं बघितलं. ३२ च्या वर जातच नाही, मडगार्ड लावलं तर २८ 😞

दादा: मग सोड. ४५ बसेल अशी डिस्कवाली घे आणि चाकांचे दोन जोड ठेव, एकावर गुळगुळीत टायर एकावर खिळ्यांचे, बदलायला दहा मिनिटं. बजेट कमी असेल तर निदान पुढे खिळे लाव, मागचं सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की डायरेक्ट जमीन. थंडीवाली उन्हाळ्यात चालते गं, थोडी मंद, उलटं होत नाही

मी: पण जड होईल ना

ताई: जिन्याखाली ठेवायचीय ना? जिना थोडीच चढवायचाय