स्मार्ट टीव्हीवर जुने व्हिडिओ गेम : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

अमळनेरी

मंडळी, आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आली. सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पारा ४४ च्या आसपास आणि पोरं घरात कोंडलेली. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत अँड्रॉइड टीव्ही आलेत, आणि त्यावर मारिओ, कॉन्ट्रा खेळणारे पुष्कळ आहेत हे बोलता बोलता कळतं. पण व्हिडिओ बघावेत तर ते सगळे महागडे टीव्ही घेऊन बसलेल्यांचे. आपल्या ३२ इंची, एक जीबी रॅमवाल्या टीव्हीवर नक्की काय होतं ते आपणच एकमेकांना सांगू. म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र काढलं. नव्वदीत आपण कॅसेटी फुंकून फुंकून जे खेळलो ती बहुतेक त्याचीच नक्कल. कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटिल मास्टर, कुणाकडे नुसतंच चिनी अक्षरांचं काहीतरी. टीव्हीवर बरेच जण रेट्रोआर्क वापरतात. फुकट आहे, जाहिराती नाहीत. ज्या यंत्राचे गेम खेळायचे त्याचा 'कोअर' (त्या यंत्राचं सोंग घेणारा भाग) आतूनच उतरवून घ्यायचा.

माझं मत आधीच सांगतो, पटलं नाही तर भांडा : टीव्ही कसलाही चालतो. पैसे घालायचेच असतील तर हातातल्या पॅडवर घाला.

आणि एक विनंती. गेमच्या फायलींच्या लिंका इथे मागू नका, देऊ नका. इम्युलेटर ही वेगळी गोष्ट आणि गेमचे हक्क ही वेगळी. गेम चाळीस वर्षांचा झाला म्हणून मालकी संपत नाही.

जंक्शनवाला (भुसावळ)

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. आमच्या लाइनीत स्वतःचं यंत्र एकाच घरी, बाकीचे भाड्याने आणायचे. दुकानदार रात्रीचं भाडं वेगळं लावायचा आणि डिपॉझिट म्हणून घरातली एखादी वस्तू ठेवून घ्यायचा. आमच्या वडिलांचं घड्याळ मनगटापेक्षा त्या दुकानातच जास्त राहिलं असेल. यंत्र घरी आलं की पहिला अर्धा तास चॅनल लावण्यात. वायर अँटेनाच्या जागी खुपसायची, एकाने बटण फिरवायचं आणि बाकीच्यांनी मुंग्यांमधून चित्र कुठे दिसतंय ते ओरडून सांगायचं.

टीव्हीबद्दल धागाकर्त्याचं बरोबर आहे. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि १९८५ चा पहिला सुपर मारिओ सगळा मिळून ४० केबी. आमच्या मावशी रोज सकाळी 'शुभ सकाळ'चं जे फूल पाठवतात ते याहून मोठं असतं. तेव्हा स्वस्तातला टीव्हीसुद्धा कमी पडत नाही.

मला अडचण आली ती चित्राची. गेम ४:३ च्या पडद्यासाठी केलेले, टीव्ही १६:९. मारिओ रावेरची केळी खाऊन सुटल्यासारखा दिसत होता. रेट्रोआर्कच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, मग स्केलिंग, तिथे अॅस्पेक्ट रेशो ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. वडिलांना ते अजून पटलेलं नाही. "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि कडा तशाच मोकळ्या सोडता?"

पांझराकाठ (धुळे)

धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. पॅडच्या आधी टीव्हीची हुशारी बंद करा.

बटण दाबल्यापासून मारिओ उडी मारेपर्यंत जो वेळ जातो तो तीन ठिकाणी जातो : पॅडकडून टीव्हीकडे येताना, इम्युलेटरमध्ये, आणि टीव्ही चित्र 'सुधारायला' घेतो तिथे. जुना डबा टीव्ही चित्र जसं आलं तसं काचेवर मारायचा. नवा टीव्ही आधी फ्रेमा गोळा करतो, मधल्या फ्रेमा स्वतः बनवून भरतो, कडा कोरतो आणि मग दाखवतो. सिनेमाला चालतं, उडीला नाही. सेकंदाला ६० फ्रेमा धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सहा फ्रेमांचा उशीर झाला की १०० मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्यात मारिओ खड्ड्यात.

उपाय म्हणून सगळे 'गेम मोड लावा' एवढंच सांगतात. पण पुष्कळ टीव्हींवर गेम मोड फक्त एचडीएमआयला मिळतो, टीव्हीतल्याच अॅपला मिळत नाही. तसं असेल तर पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, शार्पनेस वाढवणारे प्रकार एकेक करून बंद करा. मग रेट्रोआर्कमधला 'रन-अहेड' (गेम आतल्या आत पुढे चालवून उशीर कापणारी सोय) एका फ्रेमवर ठेवून बघा. त्याहून वाढवला तर कमजोर टीव्ही दमतो आणि काही गेममध्ये चित्र उड्या मारायला लागतं. जुन्या टीव्हीच्या रेघा दाखवणारे शेडर (चित्रावर चढवायचे इफेक्ट) दिसायला छान असतात, पण स्वस्त टीव्हीवर त्यांच्या नादी लागू नका.

आता एक गंमत. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल (PAL) या प्रक्षेपण पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचा हिशेब. आपली बरीच यंत्रं त्याच गतीने चालायची. जपानी-अमेरिकी गेम मुळात ६० चे. म्हणून इम्युलेटरवर मारिओचं संगीत आपल्या आठवणीपेक्षा जवळजवळ वीस टक्के जोरात पळतं. आमचे मोठे भाऊ ऐकून म्हणाले, "हे नकली आहे. आपला मारिओ एवढा घाईत नसायचा." खरं तर घाईतला तोच अस्सल, आणि निवांत चालणारा आपला धुळ्याचा.

केळीबाग (रावेर)

प्रश्न आहे. बदकं मारायची ती बंदूक अजून माळ्यावर आहे. टीव्हीला लावली तर चालेल का?

पांझराकाठ (धुळे)

नाही चालणार भाऊ. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं. एलईडी टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो, शिवाय सेन्सरला हवा तसा उजेडच मिळत नाही. बंदूक माळ्यावरच बरी. डबा टीव्ही असेल तर मात्र तो भंगारात देऊ नका.

केळीबाग (रावेर)

डबा मागच्याच दिवाळीत दिला ना.

शहाद्याची लेक

राहते पुण्यात, आखाजीला माहेरी येते. झोका झाला, आमरस-पुरणपोळी झाली, की दुपारी भाऊ आणि मी टँक लावून बसतो. टँक म्हणजे नाम्कोचा बॅटल सिटी, १९८५ चा. आमची कॅसेट सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तिच्यावर '९९९९ गेम' असं छापलं होतं, प्रत्यक्षात वीस-पंचवीसच गेम आणि तेच फिरून फिरून.

या गेमची खरी मजा दोघांत. खाली विटांच्या कुंपणात गरुड असतो, तो वाचवायचा. मी कायम हिरवा रणगाडा, भाऊ पिवळा. आपल्याच जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, पण काही क्षण जागेवर थिजतो. भाऊ हे मुद्दाम करायचा. बढतीचा तारा दिसला की आधी मला थिजवायचं आणि मग आपण उचलायचा. आता चाळिशी गाठली तरी तेच. दुसरं म्हणजे 'कन्स्ट्रक्शन'. आपला नकाशा आपण बांधायचा. आम्ही गरुडाभोवती पोलादी भिंत घालून चहा प्यायला जायचो.

जुन्या यंत्रावर लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. इम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट (खेळ आहे तिथेच साठवून ठेवायची सोय) आहे, पण त्यातली मेख लक्षात ठेवा. 'ऑटो सेव्ह स्टेट' गेम नीट बंद केल्यावर चालतं. अचानक लाईट गेली तर ते धावून येत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून दर पातळीनंतर मेनूत जाऊन हाताने सेव्ह करतो.

दोन पॅड लावताना टीव्हीचे दोनच यूएसबी, त्यातल्या एकात पेन ड्राइव्ह. एक साधा हब घेतला, काम झालं. दोन्ही पॅड पहिल्याच खेळाडूला चालवत असतील तर इनपुटमध्ये जाऊन 'पोर्ट २'ला दुसरं पॅड निवडून द्या.

आई मात्र तेव्हाचीच : "जेवाले चाला रे आते!"

यावलचे आजोबा

नातवाने टीव्हीत हे भरून दिलं आणि तो मुंबईला परत गेला. माझ्याकडे पॅड नाही, मी टीव्हीच्याच रिमोटवर खेळतो. मारिओ जमत नाही. साधा रिमोट एका वेळी एकच बटण पाठवतो, आणि मारिओला पळायचं बटण धरून उडीचं दाबावं लागतं. ठोकळे रचायचा खेळ मात्र रिमोटवर झकास होतो. दुपारची झोप गेली, एवढीच तक्रार.

अमळनेरी

आजोबा, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. पॅडबद्दल आता सविस्तर लिहितो.

वायरवालं घ्या. ब्लूटूथ वाईट नसतं, पण टीव्हीला आधीच साउंडबार जोडलेला असेल तर काही टीव्हींवर दोन्ही अडखळतात. घेताना बाकी काही बघू नका, बाणांची बटणं बघा. डावं दाबताना वरचंही लागत असेल तर ते पॅड परत द्या. कॉन्ट्रात सरळ गोळी मारायला जाल आणि माणूस तिरकी मारेल.

दुसरी गोष्ट फार कमी जण करतात. जुन्या पॅडवर बी आणि ए शेजारी शेजारी होते. अंगठ्याच्या टोकाने बी दाबून धरायचं आणि त्याच अंगठ्याच्या पेराने ए, म्हणजे पळत पळत उडी. नव्या पॅडवर चार बटणं चौकटीच्या पत्त्यासारखी, आणि रेट्रोआर्क मुळात बी खाली आणि ए उजवीकडे ठेवतं. अंगठा वाकडा होतो. कंट्रोल्समध्ये जाऊन बी डावीकडच्या बटणावर आणि ए खालच्या बटणावर आणा. एवढं केलं की जुनी सवय आपोआप परत येते, डोक्याला काही आठवावं लागत नाही. आपल्या जुन्या पॅडवर टर्बोची (धरून ठेवलं की आपोआप सारखी दाबली जाणारी) जास्तीची दोन बटणं होती, ज्यांना त्यांची सवय आहे त्यांनी इनपुट सेटिंगमध्ये टर्बोही लावून घ्यावा.

मुस्तफाभक्त (चाळीसगाव)

घरातल्या यंत्राचं कौतुक पुरे. आम्ही एसटी स्टँडजवळच्या पार्लरवाले. रुपयाचं एक नाणं, मागे दहा जणांची रांग, आणि प्रत्येकजण सल्ला देणारा. खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण पिवळ्या टोपीच्या मुस्तफाची धावत येऊन हाणलेली लाथ एवढी लाडकी की गेमलाच 'मुस्तफा' म्हणायचे.

हे आर्केडचे, म्हणजे पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांचे, गेम एफबी निओ कोअरवर टीव्हीवर बिनतक्रार चालतात. दोन गोष्टी सांभाळा. झिप फाइल उघडू नका, ती तशीच ठेवायची. आणि आर्केडची फाइल कोअरच्या आवृत्तीशी जुळावी लागते; गेम सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा दोष टीव्हीचा नसतो, या न जुळण्याचा असतो.

नाणं टाकायला सिलेक्ट बटण. आणि इथेच माती होते. नाणी फुकट झाली की मरायची भीती जाते, आणि भीती गेली की तासाभरात गेम संपतो आणि पुन्हा कुणी हात लावत नाही. आमच्याकडे नियम केला आहे : माणशी तीन नाणी, संपली की पॅड पुढच्याला. मुलगी लगेच वकिली करायला लागली, "पप्पा, आंघोळ लवकर केली तर चौथं?"

जळगावकर

थोडक्यात लिहितो. सगळे स्मार्ट टीव्ही अँड्रॉइड नसतात. सॅमसंगमध्ये टायझन, एलजीमध्ये वेबओएस. त्यांच्यावर झगडत बसण्यापेक्षा जुना लॅपटॉप किंवा अँड्रॉइड बॉक्स एचडीएमआयला लावा, गेम मोडही मिळतो. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम बऱ्याच टीव्हींवर चालतात, त्यापुढच्यांचा नाद सोडा. बॉक्स टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडची भिंतच तापलेली असते, बॉक्स तापला की वेग आपोआप उतरतो आणि आवाज तुटायला लागतो.

मिरचीपूड (दोंडाईचा)

फायलींच्या हक्कांवरून कुणाला अवघडल्यासारखं होत असेल तर त्यांच्यासाठी : या जुन्या यंत्रांसाठी आजही नवे गेम लिहिले जातात आणि ते रीतसर विकत मिळतात. मायक्रो मेजेस हा २०१९ चा गेम, चौघांपर्यंत एकदम खेळता येणारा, आणि तोही पहिल्या मारिओएवढ्याच ४० केबीत बसवलेला. आमच्या घरातली भाचेमंडळी मारिओपेक्षा यावरच जास्त भांडतात. चौघं खेळणार असाल तर चार पॅड मात्र लागतात.

जंक्शनवाला (भुसावळ)

कॉन्ट्राची किल्ली कुणीच लिहिली नाही? शीर्षकाच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, आणि स्टार्ट. ३० जीव. नव्या मुलांना सांगू नका, आधी तीन जिवांत धबधबा चढू द्या.

शहाद्याचा भाऊ

नाव बघून ओळखलं असेलच. ताईने जे लिहिलं आहे ते साफ खोटं आहे. ती गोळी चुकून लागायची, कारण ती स्वतःच माझ्या समोर येऊन उभी राहायची. आणि गरुडाजवळची वीट कोण फोडायचं ते तिलाच विचारा.

शहाद्याची लेक

घरी ये, पॅड लावून ठेवलंय.