उताराच्या पायथ्याशी ट्रक अडवू नका

पोलिसांनी तपासणीसाठी बॅरिकेड आडवा टाकला की ट्रक थांबतोच, असं काहींना वाटतं. गोव्यात काणकोणजवळच्या करमल घाटात उभं राहून बघा एकदा! २०१८ पासून दोन अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) ट्रकलाही मालासकट १८.५ टनांची मुभा आहे. उतारभर ब्रेक दाबून चाकांतले ब्रेक-ड्रम तापले असतील, तर चालकाची इच्छा असूनही गाडी लगेच थांबत नाही. पावसात तर विचारूच नका.

तपासणी सपाट, सरळ रस्त्यावर हवी आणि बाजूला अख्खा ट्रक मावेल एवढी जागा हवी. इशारा बराच आधी, रस्त्याच्या कडेला उभं राहून द्यावा. केबिनच्या अगदी पुढ्यातला माणूस चालकाला दिसत नाही. नाहीच थांबला, तर मोटरसायकलवरून पाठलाग कशाला? नंबर टिपून वायरलेसवर पुढे कळवा. कारवारकडे निघाला असेल तर पोळेचा तपासणी नाका, बेळगावकडे असेल तर मोलेचा. जाणार कुठे?