बाळाला मध चालतो, पण अंडं नाही? ही उलटी यादी केली कुणी?

मोगरा_ठाणे
लेकीला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं. खिरीत बुडवलेली सोन्याची अंगठी ओठाला लावून झाली. ("मुलीचं विषम महिन्यात करतात," असं म्हणत मावशी रुसल्या, ते वेगळंच.) आता घरात रोज वाद. चालणाऱ्या यादीत मध, गुटी, पाणी घातलेलं गायीचं दूध, वरणाचं पाणी. वर्षभर नावही काढायचं नाही अशा यादीत अंडं, शेंगदाणा, मासे, दही.

माझं स्पष्ट मत : यादी उलटी आहे. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. अंग लुळं पडतं, श्वास अडू शकतो. घरच्या उकळीने ते मरत नाहीत, आणि मध महाबळेश्वरचा की दुकानातला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. गायीच्या दुधात लोह नावाला. वर्षाच्या आत तेच मुख्य दूध केलं तर काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही झिरपतं. त्यापुढे नीट शिजवलेल्या अंड्याचा काय तो धोका? विरोधी मतं हवीत, हातचं न राखता लिहा.

साताऱ्याची_आजी
साफ असहमत. आमच्या घरातली यच्चयावत पोरं जन्मल्याबरोबर मध-तूप चाटून वाढली. आणि गुटीला नावं ठेवण्याआधी ती उगाळतात कशी ते बघा. हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा जेमतेम अर्धा, कारण जायफळ जास्त झालं की पोर सुस्त पडतं. वय वाढेल तसे वेढे वाढवायचे. याला मात्रा म्हणतात, बाई. डब्यावरचा चमचा तेवढा शास्त्रीय आणि आमचा वेढा अडाणी?

कॅप्सूल
बालरुग्ण विभागात काम करतो. आजी, वेढ्यांची शिस्त मान्य. पण उगाळल्यावर सहाण नुसती पुसून ओली ठेवली जाते, आणि आईच्या दुधात भिजलेल्या मुळ्या तशाच पुन्हा डबीत जातात. जंतूंना आणखी काय हवं? शिवाय गुटीत वेखंड असतं. त्यातल्या बीटा-ॲसरोन या द्रव्यामुळे उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली.

"आमची सगळी जगली" यावर एवढंच : जी बाळं दगावली त्यांच्या नावापुढे मध कुणी लिहिला नाही. दृष्ट लागली, आकडी आली, असंच लिहिलं गेलं.

बोरीबंदर
मोगरा, "अंड्याचा काय तो धोका" हे वाक्य मागे घ्या. माझ्या मुलाला चमचाभर पिवळ्या बलकाने अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजून वर आले, रात्र दवाखान्यात गेली. सुरक्षित पदार्थाची यादी करता येते हाच भ्रम आहे. ती प्रत्येक बाळाची वेगळी असते.

कॅप्सूल
बरोबर, पण त्यातून 'म्हणून उशिरा द्या' निघत नाही. शेंगदाण्याचंच घ्या. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दसपट दिसली. इस्रायलमध्ये बाळं 'बांबा' नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे लवकर खातात. त्यावरून लंडनमध्ये ६४० बाळांवर चाचणी झाली. सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ज्यांना शेंगदाण्याचं काही निघालं नाही, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळलेल्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाल्लेल्यांत १.९ टक्के. निकाल २०१५ चा.

तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टर. बाकीच्यांनी नवा पदार्थ एका वेळी एकच, थोडासा आणि सकाळी द्यावा. म्हणजे काही झालंच तर दिवस हाताशी असतो.

वाकडी_वाट
गंमत आहे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्याच संस्थेने ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको म्हणून सांगितलं. २००८ मध्ये तो सल्ला गुंडाळला. आता म्हणे लवकर द्या! उद्या पुन्हा फिरतील. आजी निदान पिढ्यान्‌पिढ्या एका शब्दावर ठाम आहेत.

मोगरा_ठाणे
ठाम आहेत, हीच तर अडचण आहे :) तपासून चूक निघाली म्हणून सल्ला बदलला. गुटीची अशी तपासणी कुणी कधी केली? आणि आपल्याला बांबाची काय गरज? दाण्याचं कूट घरोघरी असतं. भाजून अगदी बारीक करायचं, पातळ वरणात कालवायचं. कोरडं नको, ठसका लागतो.

कॅप्सूल
अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाहीच. फुटाणे, अख्खी द्राक्षंही नाहीत. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. पदार्थ तोच, धोका आकारात.

मुडदुशी
मालवणकडे मासे आधी, बाकी मग. मऊ भातात मुडदुशी मासा कुस्करतो, काटा बोटांनी चाचपून. चमच्यावर भरवसा नाही. वर्षाच्या आत वेगळं मीठ नाही. पण मोरी देऊ नका. बाळंतिणीला मोरीचं कौतुक असलं तरी तो शार्कच, पारा साठतो त्यात.

वाकडी_वाट
आणि शाकाहारी घरांनी काय करायचं? नाचणीसत्त्व तरी चालेल की त्यावरही बंदी?

कॅप्सूल
नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम. पण सत्त्व करताना फडक्यातून गाळतो, चोथा टाकतो, आणि कॅल्शियम-लोहातला बराच भाग त्यासोबत जातो. त्यापेक्षा मोड आणून वाळवून दळा, पीठ बारीक चाळणीने चाळा आणि आटवल शिजवा. वरणाचं पाणी हे पाणीच. डाळ द्या, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट, वर लिंबाचे दोन थेंब, लोह जास्त मुरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर तेही चुकवू नका.

साताऱ्याची_आजी
वरणाच्या पाण्याचं पटतंय. आम्हीही आठव्यात डाळच घोटून द्यायचो. मधाचं बघू. गुटी सोडणार नाही. सहाण उकळत्या पाण्याने धुईन, मुळी उन्हात वाळवीन. वेखंड काढलं समजा.

बोरीबंदर
आजी, इथवर आलात तर जन्मल्याबरोबरचं मध-तूपही सोडा ना.

साताऱ्याची_आजी
तुमच्या घरी सोडा.

मोगरा_ठाणे
इकडे मध कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. अंड्याला सासूबाईंची अर्धी परवानगी मिळाली : कडक उकडायचं, पण त्यांच्या पातेल्यात नाही. छोटं पातेलं आणायला चाललेय.