इंदूरला जाऊनही जेवण खोलीतच, पार्सल मागवून?

सोनकी
उज्जैन-ओंकारेश्वर-महेश्वर करून आपली मंडळी संध्याकाळी इंदूरच्या हॉटेलात परततात, पलंगावर वर्तमानपत्र अंथरतात आणि फोनवरून पनीर, नान, जीरा राइस मागवतात. हेच जेवण पुण्यात मिळतं, नागपुरात मिळतं. मला हे मनापासून खटकतं.

इंदूरचा सराफा हा मूळचा सोन्याचांदीचा बाजार. रात्री सराफांच्या दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच दारात खाण्याची दुकानं मांडली जातात, ती मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतात. किसलेला मका दुधात शिजवून केलेला भुट्टे का कीस, ओल्या खोबऱ्याचं सारण भरलेलं खोपरा पॅटिस आणि थंडीत गराडू. गराडू हा कंद. गिऱ्हाईक आलं की तो कढईत पुन्हा खरपूस करतात, वर लिंबू आणि जीरावन मसाला. डब्यात बंद केला की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो, आणि खोलीवर पोचतो तो बटाट्याच्या गार फोडीसारखा. ज्यांचे पाय चालतात आणि पोटाची तक्रार नाही, त्यांनी एक संध्याकाळ तरी बाहेर पडावं. होळकरांचा राजवाडाही तिथून पायी जाण्याइतका जवळ आहे.

निवांत
सोनकी, महाकालची भस्म आरती पहाटे ४ ला असते. इंदूरहून गाठायची तर मध्यरात्रीच उठावं लागतं. त्यानंतर दिवसभर ओंकारेश्वरच्या पायऱ्या. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना रात्री गल्लीतल्या गर्दीत ताटकळत उभं करू? धड बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृह कुठे शोधायचं हा प्रश्न वेगळाच. त्यांना खोलीत दही-भात मिळाला, पाय पसरून जेवता आलं, एवढं आम्हाला पुरे. आम्ही देवदर्शनाला गेलो होतो. गाव जिभेनेच बघायला हवं हा आग्रह कशासाठी?

रानजाई
मी नोकरीमुळे एकटी फिरते, मुक्काम बहुतेक तालुक्याच्या गावी. रात्री आठनंतर तिथे उघडं काय असतं? 'बार अँड रेस्टॉरंट'. बाहेर 'फॅमिली रूम' अशी पाटी असते, पण आत वाट परमिट रूममधूनच जाते. एकट्या बाईने टेबल धरलं की वेटर दोनदा विचारतो, "अजून कोणी येणार आहे का?" आणि आजूबाजूच्या माना वळलेल्याच राहतात. दिवसभर लोकांशी बोलून थकलेली असते मी. दाराला कडी लावून, पुस्तक समोर ठेवून खाल्लेली पार्सलची भाजी-भाकरी मला कुठल्याही हॉटेलातल्या जेवणापेक्षा प्रिय आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

सोनकी
रानजाई, तुमचं शंभर टक्के मान्य. निवांत, तुमचंही. माझा राग आहे तो धडधाकट चौघा मित्रांवर. सुट्टी घेऊन, गाडी हाकत पाचशे-सहाशे किलोमीटर जायचं आणि तिथे खोलीत बसून मोबाइलवर मॅच बघत बिर्याणी खायची.

खाडीकाठ
आमचं कोकणात लहान लॉज आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. खोलीत जेवायला आमची हरकत नाही. पण रस्सा पांढऱ्या चादरीवर सांडतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, मग चादर उन्हात दोन दिवस टाकली तरी पूर्ण जात नाही. उरलेला भात आणि माशाचे काटे बेसिनमध्ये जातात, नळी तुंबते, आणि ती मोकळी करायला हात घालते ती आमच्याकडे काम करणारी मावशी. बंद एसी खोलीत तळलेल्या मासळीचा वास दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यालाही येतो. जेवा, पण पलंगावर नको. आणि खरकटं पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवा.

रानजाई
मग खोलीत छोटं टेबल, दोन ताटल्या आणि झाकणाची कचरापेटी ठेवा ना. बहुतेक लॉजमध्ये पलंगाशिवाय टेकायला जागा नसते, म्हणून लोक पलंगावर जेवतात.

खाडीकाठ
ताटल्या मागितल्या की देतोच. टेबलाचं म्हणणं बरोबर आहे, चारपैकी दोनच खोल्यांत आहे.

ताकभात
मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला काळजी आहे ती उरलेल्या पार्सलची. रात्रीचा भात टेबलावर तसाच राहतो आणि सकाळी नाश्त्याला पोटात जातो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचं उलट्या करवणारं विष तर पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. खोलीतला छोटा फ्रिज बऱ्याचदा नावापुरताच गार असतो. दोन तासांत संपेल एवढंच मागवा. आणि किटलीत अंडी किंवा मॅगी उकळू नका, कृपा करून. तुमच्यानंतर तिच्यात कोणीतरी बाळाच्या दुधासाठी पाणी तापवणार असतं.

सोनकी
ताकभात, हा मुद्दा सराफ्याच्या बाजूने धरते! कढईतून निघालेलं तिथल्या तिथे खाल्लं की उरण्याचा प्रश्नच नाही.

ताकभात
कढईतल्या गरम वस्तूपुरतं खरं. चटणी, दही, बर्फाचा गोळा यांना ते लागू नाही.

सोनकी
बरं. निवांत, पुढच्या वेळी सासूबाईंना इंदूरच्याच छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या. दिवसाही चालू असतं, गाड्यांना आत बंदी आहे, बसायला बाकं आहेत. खोपरा पॅटिस तिथेही मिळतं.

निवांत
हे मात्र जमण्यासारखं आहे. दुपारी नेईन. रात्रीचा दही-भात तरीही खोलीतच, त्यात बदल नाही.